उठलेली अक्षरं

थर्झा पिलबीम मंगळवारी गेली आणि बुधवारी सकाळी, चहाचे कप विसळता विसळता, तिच्या सुनेने कबरीतल्या जागेचा विषय काढला. एक रात्र गप्प राहिली हेच लेटीच्या मानाने पुष्कळ झालं.

"मी आपली सहज विचारते हं," लेटी म्हणाली. "सासूबाईंच्या वर त्या कबरीत एकच जागा उरते. ती थोरल्या मुलाची. सगळ्या घरांत असंच असतं."

"आईने ती मला देऊन ठेवलीय," रूथ म्हणाली.

"त्यांचं शेवटी शेवटीचं बोलणं काय धरून बसतेस? परवा मलाच म्हणाल्या, कोण गं तू?"

"ते ती तुला लग्न झाल्यापासून विचारतेय," चुलीजवळच्या खुर्चीतून केझाया आत्या म्हणाली. आत्या ऐंशीची होती. तिला ऐकू कमी येई, पण नेमकं ऐकायचं ते सुटत नसे.

रूथला हसू आलं आणि लगेच पलीकडच्या खोलीत आई पेटीत निजली आहे हे आठवून ते मावळलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने या घराकडे फारसं काही मागितलं नव्हतं. सुतारखाना वॉल्टरला गेला, घर वॉल्टरच्या नावावर झालं, लग्नाचं वय आईच्या उशापायथ्याशी निघून गेलं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण तिने ते बोलून दाखवलं नव्हतं. तिला फक्त ती जागा हवी होती, यूच्या झाडाखाली, आईच्या वर, बाबांच्या बाजूला. व्हिटलहर्स्टच्या चर्चच्या आवारात आता नवी कबर मिळत नसे. पाद्रीसाहेबांनी सडकेपलीकडचं एक शेत घेतलं होतं, तिथे पाणी साचायचं, आणि कोण कोणाच्या शेजारी येईल याचा नेम नव्हता. त्या शेतात, अनोळखी माणसांच्या ओळीत एकटं पडून राहायचं, या विचाराने रूथचा जीव घाबरा होई. मरणाची तिला एवढी भीती वाटत नव्हती.

"वॉल्टरला विचारू," लेटी म्हणाली. म्हणजे वॉल्टरला तिने आधीच विचारलं होतं.

दुपारी वॉल्टर आणि कबर खणणारा एली टेस्टर फळी घेऊन आले. धुकं इतकं दाट होतं की आधी फळी दिसली आणि मग ती उचलणारी माणसं.

गावातल्या श्रीमंतांच्या कबरींवर दगड होते. पिलबीम सुतार. आपण दगडाखाली कशाला निजायचं, असं रूथच्या आजोबांनी म्हटलं होतं आणि तीच घराची ऐट झाली होती. त्यांच्या कबरीवर दोन खुंट होते आणि त्यांच्यामध्ये, कबरीच्या लांबीएवढी, ओकची एक जाड फळी. कबर उघडायची वेळ आली की ती फळी उतरवून घरी आणायची, काजळी आणि जवसाच्या तेलाच्या काळ्या रंगाने जुनी अक्षरं पुन्हा भरायची आणि नवं नाव घालायचं. याचे नियम दोनच. कबरीच्या फळीला रंधा लावायचा नाही, आणि जे अक्षर उभं आहे त्याला काळं द्यायचंच. रंगाखालचं लाकूड टिकतं. त्याच्या अवतीभोवतीचं उघडं लाकूड ऊनपावसाने झिजत जातं, आणि मग वर्षांनी रंग उडाला तरी अक्षरं फळीवर उंच उभी राहतात. डोळ्यांना दिसली नाहीत तरी बोटांना लागतात.

"खालच्या बाजूला आयव्हीने धरून ठेवलं होतं," एली म्हणाला. "कोयत्याने तोडली तरी सोडेना. एवढी चिवट वेल मी कुठे पाहिली नाही."

"आईची वेल होती ती," रूथ म्हणाली. बाबांना पुरल्यावर आईने ती स्वतः लावली होती, आणि तिच्या पानाला कोणी हात लावला तर आई त्या हातावर चापट मारायची.

एली खणायला परत गेला. वॉल्टरने फळी सुतारखान्यात कामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि जरा घुटमळला.

"रूथ, लेटी काहीतरी म्हणत होती."

"मला माहीत आहे काय म्हणत होती ते."

"नंतर बोलू," असं म्हणून तो पेटीच्या कड्या बसवायला निघून गेला. चौसष्टाव्या वर्षीही वॉल्टर दोन बायकांमध्ये सापडला की कड्या बसवायला जायचा.

फळीवरची अक्षरं रूथच लिहीत असे. बाबांनी तिचा हात तयार केला होता, कारण वॉल्टरने एकदा एका शेतकऱ्याच्या फळीवर 'लाडका पती'चा 'लाकडी पती' करून ठेवला होता आणि त्या विधवेने मरेपर्यंत या घराशी बोलणं टाकलं होतं. रूथने ताठ ब्रशने शेवाळ काढलं. आजोबा. आजी. त्यांच्याखाली बाबा, जेबेझ पिलबीम. त्याच्या खालची पट्टी कोरी होती. तिथे आईचं नाव यायचं होतं. जागा किती आहे ते अजमावायला तिने तळहात सपाट करून कोऱ्या लाकडावरून फिरवला.

लाकूड कोरं नव्हतं.

तिने हात उचलला, एप्रनला पुसला आणि पुन्हा ठेवला. मग लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तसे डोळे मिटले आणि एकाच बोटाने वाचू लागली. सरळ दांडी, तिला वर पोट, खाली तिरका पाय. आर. त्यानंतर वाटीसारखा यू. टी. एच.

तिला पहिल्यांदा झाला तो आनंद. आईने आपलं नाव घालून ठेवलं! कोणाला न सांगता, लेटीच्या नाकावर टिच्चून, आपल्या मुलीची जागा राखून ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बोट पुढे सरकलं. थर्झा आणि जेबेझ यांची कन्या. वय चौदा महिने. त्यापुढे साल होतं, ती स्वतः जन्मायच्या तीन वर्षं आधीचं.

बोट त्या आकड्यावरून हलेना.

"वॉल्टर," तिने हाक मारली. "दिवा घेऊन ये."

"अजून उजेड आहे की."

"दिवा आण म्हणते ना!"

वॉल्टर आला, त्याच्यामागे लेटीही आली. रूथने दिवा त्याच्या हातातून घेतला आणि फळीच्या टोकाशी, अगदी लाकडाला टेकवून धरला. आडव्या उजेडात करड्या फळीवर सावल्या पडल्या आणि तिचं नाव एकेका अक्षराने लाकडातून वर आलं.

"अगं बाई," लेटी मागे सरली. तिने रूथकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा रूथकडे पाहिलं. एवढं करून तिने स्वतःला सावरलंही. "म्हणजे रूथ आत आहेच की. तुझी जागा तू कधीचीच घेतलीस."

"लेटी!" वॉल्टर ओरडला. तो कधी ओरडत नसे.

"मी काय खोटं बोलले? लिहिलंय तिथे."

वॉल्टर खाली लाकडाच्या भुशात बसला. त्याचा चेहरा फळीइतकाच करडा झाला होता. "मला वाटलं होतं हे मी स्वप्नात पाहिलंय," तो म्हणाला.

"काय पाहिलंस?"

"रूथला पुरताना. मी तीन वर्षांचा असेन. बाबांनी पेटी काखेत धरून नेली, खेळण्याएवढी होती. आणि मग, मी सहा वर्षांचा असताना, आई एक दिवस दारात उभी राहिली आणि म्हणाली, रूथ सापडली. मी बघायला धावलो. जाताना ती चालत होती, रूथ. परत आली तेव्हा टोपलीत मावत होती. मला वाटलं, जमिनीतून परत येताना माणूस आटत असेल."

रूथचा हात आपल्या कपाळाकडे गेला. "लहानपणी तू रोज सकाळी माझ्या कपाळाला हात लावायचास."

"गार आहेस का ते बघायला."

"मला वाटायचं, माया करतोयस."

"आधी भीतीच होती गं. एक-दोन वर्षं. तुझ्या पलंगाकडे पाठ करून मी कधी निजलो नाही." वॉल्टरने तोंडावरून हात फिरवला. "मग कधीतरी भीती गेली आणि हात लावायची सवय राहिली. ती माया नव्हती असं कोण म्हणेल?"

केझाया आत्याला बोलवावं लागलं नाही. ती काठी टेकत दारात येऊन उभी होती. फळीकडे तिने नजर टाकली, तिला आश्चर्य वाटलं नाही.

"वर आली ना शेवटी," ती म्हणाली. "मी जेबेझला म्हटलं होतं. त्याने ऐकलं नाही."

"आत्या, मी कोण आहे?" रूथने विचारलं.

"मला बसू दे आधी."

वॉल्टरने तिला खोक्यावर बसवलं. आत्याने काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "ते बाळ घशाच्या आजाराने गेलं. तीन वर्षं थर्झा जेवणाच्या टेबलावर तिचा पेला मांडायची. आम्ही काही बोलायचो नाही, पेल्यात दूध घालायचो आणि मग मांजराला द्यायचो. मग त्या साली, दारूत घालायची हॉपची फुलं तोडायला आलेल्या लोकांत ताप पसरला. त्यांच्या पत्र्याच्या खोपट्यात एक बाई मेली, लंडनकडची. तान्हं मूल राहिलं. थर्झा दूध द्यायला म्हणून गेली आणि मूल घेऊन आली. रूथ सापडली म्हणाली. रविवारी सगळे चर्चला निघाले तेव्हा जेबेझ रंगाचा डबा घेऊन पुढे गेला."

"नाव पुसायला?"

"पुसलं असतं तर गेलं असतं. रंधा लावायचा नाही ना! मग त्याने लाकडाच्या रंगाचा रंग कालवला, चांगला घट्ट शिशाचा, आणि अक्षर अन् अक्षर त्याच्याखाली झाकलं. सुंदर झाकलं हो, बाजूच्या रेषासुद्धा काढल्या. वरची पट्टी त्याने स्वतःच्या नावासाठी आधीच सोडली होती. आयुष्यभर गावाला सांगत आला, रंगाखालचं लाकूड टिकतं म्हणून. आणि स्वतःच्या वेळी विसरला."

"आणि गाव गप्प बसलं?" लेटीने विचारलं. गावाने काही मुकाट्याने सोडलं ही गोष्ट तिला पटण्यासारखी नव्हती.

"थर्झाचे तेव्हाचे डोळे तू पाहिले नाहीस. पाहिले असतेस तर तूसुद्धा गप्प बसली असतीस."

"माझं नाव काय होतं?" रूथ म्हणाली.

आत्याने गुडघ्यांवरच्या काठीवरून हात फिरवला. "कोणी विचारलंच नाही गं," ती म्हणाली. "ज्यांना माहीत असेल ते ताप बघून पळाले होते."

"आणि त्या बाईचं?"

"तिचंही नाही. चर्चच्या उत्तरेकडे पुरली, एल्डरच्या झुडपांत. तिथे फळी कोण लावणार?"

दारात एली उभा होता. टोपी हातात, बुटांना पिवळी माती. तो कधी आला ते कोणाला कळलं नव्हतं. त्याने फळीवरचा दिवा पाहिला आणि समजून गेल्यासारखी मान हलवली.

"मी तेच सांगायला आलोय," तो म्हणाला. "जेबेझबाबांच्या शेजारी खणलं. कमरेइतका गेलो आणि कुदळीला ओक लागला. छोटी पेटी आहे. अजून घट्ट आहे, तुमच्याच घरची बनावट. मी तिच्यावर पोतं घातलंय, उघड्यावर बरं वाटेना."

"मग आता?" वॉल्टरने विचारलं.

"थर्झाबाईंना खाली घालतो आणि हिला परत वर ठेवतो. पण मग वर कोणी मावणार नाही. नाहीतर पाद्रीसाहेबांना विचारून हिला हलवायचं. उत्तरेला जागा आहे. तिथे कोणी जायला तयार नसतं, म्हणून आहे."

एवढा वेळ लेटी हिशेब बसवत होती. ती रूथच्या जवळ आली आणि तिने चक्क रूथचा दंड धरला. सकाळपासून जिच्याशी भांडली तिच्याशीच तिने आता एका क्षणात जमवून घेतलं.

"हे बघ रूथ, साठ वर्षांपूर्वीचं बाळ. त्याला कुठेही ठेवलं तरी काय फरक पडतो? उत्तरेला ठेवू. फळीवरून रंधा फिरवू, हात दोन हात. उद्या लोक येतील, त्यांना काय दिसणार? थर्झा, बस. आणि जागा आपल्याला उरते. ती तुझी की वॉल्टरची, ते मागाहून बघू."

"मागाहून नाही," वॉल्टर म्हणाला. तो उठला, भिंतीवरचा मोठा रंधा काढला आणि पातं अंगठ्यावर तपासलं. "जागा रूथची. लेटी, तू मध्ये बोलू नकोस. आपण शेतात जाऊ, आपल्याला एकमेकांची सोबत आहे. हिला कोण आहे?" त्याने रंधा घट्ट धरला. "नियम गेला खड्ड्यात. ही माझी बहीण आहे, मला दुसरी माहीत नाही. रूथ, बाजूला हो."

केझाया आत्या खाली पाहत राहिली.

रूथ बाजूला झाली. हे नाकारून चालणार नाही, ती एक पाऊल बाजूला झाली. हवं होतं ते सगळं तिच्यासमोर होतं. जागा, आई, आणि भावाच्या तोंडून ऐकावंसं वाटलेलं ते वाक्य. वॉल्टरने रंधा फळीच्या टोकाला टेकवला. एली दारातून नजर वळवून धुक्याकडे बघू लागला. सुतारखान्यात इतकी शांतता झाली की दिव्याची वात ऐकू येत होती, आणि त्या शांततेत रूथला वाटलं, कोणीतरी श्वास रोखून धरला आहे. तिने सगळ्यांकडे पाहिलं. वॉल्टर धापा टाकत होता, लेटी नाक ओढत होती, आत्याची छाती घरघरत होती. श्वास रोखलेला असा त्यांच्यात कोणी नव्हता.

रूथने फळीवर हात ठेवला, रंध्याच्या बरोबर पुढे.

"नको," ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी तिला एकदा झाकलंय, वॉल्टर. अठ्ठावन्न वर्षं तिचा पेला मी प्यायले. तिच्या आईला मी आई म्हटलं, तिच्या भावाने माझ्या कपाळाला हात लावला. आता तिच्या अंगावरची मातीसुद्धा काढून घेऊ? रंधा ठेव."

"मग तू कुठे जाशील?"

"ते बघू. काजळी दे."

आईचं नाव तिने सगळ्यांत शेवटी, तळाच्या पट्टीत लिहिलं. आधी तिने उभ्या अक्षरांना काळं दिलं, घराच्या नियमाप्रमाणे, वरपासून खालपर्यंत. आजोबा, आजी, बाबा. मग ती चार अक्षरं. बाकीच्यांना एक हात पुरला होता. या चार अक्षरांनी रंग पिऊन टाकला. ती ब्रश उचलायची आणि लाकूड पुन्हा कोरडं करडं दिसायचं. दुसरा हात दिला, तोही गेला. तिसऱ्या हातानंतर नाव काळं आणि ओलं चमकू लागलं. वॉल्टर दिवा धरून शेजारी उभा होता आणि दिव्याची ज्योत हलत होती, त्यामुळे अक्षरं जागच्या जागी किंचित हलल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी थर्झाला खाली उतरवलं. एलीने पोत्याखालची पेटी दोन्ही हातांवर घेतली आणि वॉल्टरने ती त्याच्याकडून मागून घेतली. कबरीत वाकून ती त्याने स्वतः आईच्या छातीवर ठेवली. गावातली म्हातारी माणसं फळी वाचत होती आणि वाचून झाल्यावर आपापल्या बुटांकडे बघत होती. तरुण माणसं एकदा फळीकडे आणि एकदा रूथकडे बघत होती. लेटी मोठ्याने रडली, आणि खरंच रडली. त्याचं रूथला नवल वाटलं.

प्रार्थना संपल्यावर रूथ पाद्रीसाहेबांजवळ गेली. "मला वेळ आली की उत्तरेला ठेवा," ती म्हणाली. "एल्डरच्या झुडपांत."

पाद्रीसाहेबांनी चष्मा सारखा केला. "मिस पिलबीम, तिथे परके लोक आहेत. बुडालेले, फासावरचे, ज्यांची ओळख पटली नाही असे."

"उत्तरेला?" लेटीने रुमालातून विचारलं. "अगं, लोक काय म्हणतील? तिथे आपलं कोण आहे?"

"माझं आहे," रूथ म्हणाली.

ती चर्चला वळसा घालून एकटीच मागे गेली. इकडे कधी ऊन येत नसे. धुकं अजून गवतावर बसून होतं. खाजकुइलीसारखी चावरी झुडपं वाढली होती, त्यांच्यामध्ये जमीन कुठे कुठे खचलेली होती, माणसाच्या लांबीची. कोणता खळगा तिला जन्म देणारीचा, हे सांगायला कोणी नव्हतं. ती पहिल्यापाशी थांबली, मग दुसऱ्यापाशी. तिला विचारायचं होतं की मला काय म्हणून हाक मारायचीस. तिने ते मोठ्याने विचारलंही. तिला त्याची लाज वाटली नाही.

"रूथ!"

वॉल्टर हाक मारत होता, पुढच्या बाजूने, यूच्या झाडाजवळून. हाक त्या ताज्या मातीवरून आली आणि चर्चच्या भिंतीवर आपटून इकडे पोहोचली. रूथ वळली नाही. ओ देण्याआधी ती जरा थांबली, कारण हे नाव आधी दुसरीचं होतं आणि तिला सवड द्यायला हवी होती.

"रूथ! येतेस ना गं?"

तिने आणखी थोडी वाट पाहिली. मग म्हणाली, "आले."